योतम, शिफ्राचा मुलगा

पितळेची पाटी शिफ्राने अंघोळीच्या टॉवेलात गुंडाळून आणली होती. इस्राएलमधल्या बेर्शेबा शहरात, बायकांच्या पाठशाळेत नवा वर्ग बांधून झाला होता, त्याच्या दारावर ती लावायची होती. योतम युद्धात मारला गेल्यावर त्याच्या नावाने नातेवाइकांनी, पलटणीतल्या पोरांनी जे काही पैसे दिले, ते सगळे तिने इथेच दिले. एरवी ती वर्षातून एकदा सिनेगॉगची, ज्यूंच्या प्रार्थनागृहाची, पायरी चढणारी बाई. पण सैन्याने परत केलेल्या त्याच्या कपड्यांत, शर्टाच्या खिशात, स्तोत्रांची एक इवलीशी पुस्तिका निघाली होती. तिच्यावर या पाठशाळेचा शिक्का होता. इथल्या बायका अशा पुस्तिका सैनिकांना पाठवत.

पाठशाळा चालवणाऱ्या तिर्साबाई जिन्यातच भेटल्या. हातात ड्रिल मशीन.

"मीच लावते पाटी," त्या म्हणाल्या. "सुताराची वाट बघत बसले तर मसीहा आधी येईल."

दोघी वर आल्या. नव्या वर्गाचं दार अर्धवट उघडं होतं. आतून एक म्हातारा, खरखरीत आवाज येत होता. अक्षरांवर अडखळत, पुन्हा उठत चालल्यासारखा.

"...योतमला, शिफ्राच्या मुलाला सांभाळ. उन्हात सांभाळ, अंधारात सांभाळ. त्याला सुखरूप घरी आण."

शिफ्राने मागे वळून पाहिलं. जिना रिकामा होता. तरी तिला वाटलं, तो खालच्या पायरीवर बसून बुटांच्या नाड्या सोडतोय. आता हाक मारेल.

तिर्साबाईंनी दार हळूच लोटून घेतलं. त्यांचा चेहरा पार उतरला होता.

"फ्रेहामावशी," त्या कुजबुजल्या. "इथली प्रत्येक बाई एकेका सैनिकासाठी, त्याच्या आईचं नाव घेऊन, प्रार्थना करते. मावशीच्या वाट्याला तुझा योतम आला. तो गेल्याचं कळलं तेव्हा ती हृदयाच्या ऑपरेशनला दवाखान्यात होती. म्हटलं, बरी होऊन येऊ दे. आली. मग माझीच जीभ रेटेना."

"म्हणजे अजून रोज..."

"रोज. चुकतंय माझं, शिफ्रा. होऊन गेलेल्या गोष्टीसाठी मागणं मागू नये, ते वाया जातं, असं मीच वर्गात शिकवते. आणि आता तिला वाचता यायला लागलंय. उद्या दारावर 'स्मरणार्थ' वाचून तिला कळण्यापेक्षा आज कोणीतरी सांगायला हवं. मी सांगते."

"नको," शिफ्रा म्हणाली. "मी आई आहे. मीच सांगते."

तिने टॉवेलातली पाटी तिर्साबाईंकडे दिली आणि आत गेली.

खिडकीजवळ डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधलेली ठेंगणी म्हातारी बसली होती. पुस्तकावरचं बोट न उचलता तिने वर पाहिलं.

"नवीन आलीस का गं? बस. लाजू नकोस, मी पंचाहत्तरीनंतर अक्षरं गिरवलीत. आमच्या मोरोक्कोच्या डोंगरात मुलींना मेंढरं वळायला शिकवायचे, झालं. नाव काय तुझं?"

"शिफ्रा."

"अगंबाई! माझ्या पोराच्या आईचं नाव हेच."

"मावशी, मी..." शिफ्रा समोरच्या खुर्चीच्या कडेवर टेकली. "मी तीच. योतमची आई."

फ्रेहामावशीने पुस्तक मिटलं. शिफ्राचे दोन्ही हात ओढून घेतले, त्यांचे मुके घेतले, आणि मग एक चापट मारली.

"इतके दिवस तोंड दाखवलं नाहीस! इथे मी त्याच्यासाठी देवाचं डोकं खातेय. कसा आहे? जेवतो का धड?"

शिफ्राने तोंड उघडलं. जे सांगायचं ते जिभेवर होतं.

"कुठला जेवतोय," ती म्हणाली. "कांदा वेचून काढतो. ताटाच्या कडेला ढीग लावून ठेवतो."

"सगळे मेले सारखेच! आणि उंच आहे का?"

"दारातून वाकून येतो." तिला थांबता येईना. "रात्री फ्रीज उघडा ठेवून उभ्याउभ्याच खातो. ओरडलं की हसतो."

बोलताना तिचा आवाज अगदी रोजचा झाला होता. शेजारणीशी कपडे वाळत घालताना बोलावं तसा. वर्षभरात ती त्याच्याबद्दल असं कोणाशीच बोलली नव्हती. तिच्यासमोर लोक त्याचं नावच दबक्या आवाजात घेत.

मावशी पुढे झुकली. "तुला एक सांगू? मनात सलतंय माझ्या. आधी मी सगळं ऐकून, पाठ करून म्हणायचे. त्यात किती शब्द गाळले असतील, किती चुकीचे घेतले असतील, देवाला ठाऊक. आता तसं नाही. एकेक अक्षर बघून म्हणते. त्याला सांग हो, आता काही राहून जाणार नाही म्हणावं."

"सांगते," शिफ्रा म्हणाली.

दारात तिर्साबाई उभ्या होत्या. एका हातात ड्रिल, दुसऱ्या हातात टॉवेलातली पाटी. सांगितलंस का, असं त्यांनी नजरेनेच विचारलं.

शिफ्राने मान फिरवली. खुर्ची ओढून ती मावशीच्या अगदी जवळ सरकली आणि मिटलेलं पुस्तक तिनेच उघडून पुढे ठेवलं.

"मावशी, परत म्हणा ना," ती म्हणाली. "पहिल्यापासून."