पडद्यावरील टॅक्सीवाला

वाचकहो, एका टॅक्सीचालकाच्या क्रोधाची हकिकत मी येथे यथामती सादर करीत आहे.

त्या दिवशी, लाल सिग्नलला थांबलास का, म्हणून एका उतारूने त्याची कॉलर धरली होती आणि पोटासाठी उलट चालकानेच हात जोडले होते. तो अपमान गिळून तो घरी आला, तर चिरंजीव गुंडांच्या एका जुन्या व्हिडिओ गेमची नवी आवृत्ती खेळण्यात दंग होते. पडद्यावरील गुंडाने एका टॅक्सीवाल्याला कॉलर धरून बाहेर ओढले, रस्त्यावर आपटले आणि टॅक्सी पळवली.

"त्या गरिबानं तुझं काय घोडं मारलं होतं?" बापाने विचारले.

"बाबा, नुसता टॅक्सीवाला तर आहे तो."

बापाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आण तो कंट्रोलर इकडे. त्याची गाडी त्याला परत देतो."

प्रत्येक सिग्नलला इमानाने थांबत बापाने टॅक्सी माघारी आणली. टॅक्सीवाला तेथेच उभा होता. त्याने धावत येऊन गुंडाला खाली खेचले आणि तो त्याला बुक्क्यांनी बडवू लागला.

"बाबा, बटण दाबा, नाहीतर मराल. जुन्या गेममध्ये हे लोक नुसते पळायचे, नव्यात उलटून मारतात."

बापाने कंट्रोलर खाली ठेवला.



"मारू दे. आमच्यातल्या एकानं तरी हात उचलला."

आपण वेळ काढून वाचलेत, मी ऋणी आहे.
आपला नम्र,
टॅक्सी स्टँडवरील 'मास्तर'