राखलेला वाटा

बिरूला मुलगी झाली त्या वर्षी त्याच्या बापानं, सुबानानं, माळाचे चार वाटे केले. दर साली एक वाटा राखायचा, गवताचं बी झडेपर्यंत त्यात मेंढरू घालायचं नाही. नातीचं लग्न होईस्तोवर सगळा माळ पुन्हा गवतानं भरेल, असं त्याच्या मनात होतं. पहिल्या वाट्याच्या तोंडाशी त्यानं बिरूलाच गवताच्या दोन झुपक्यांची गाठ मारायला लावली. ज्यानं गाठ मारली त्यानंच ती सोडायची, अशी त्यांच्यात रीत होती.

"आबा, तवर मेंढरांनी काय तुमचा पटका खायचा?" बिरू हसला.

"सडकेच्या कडंनं चार. दिवाळीपातुर कळ काढ."

बिरू रोज मेंढरं घेऊन हमरस्त्यानं लांब जाऊ लागला.

दिवाळी आली तेव्हा राखलेल्या वाट्यात मारवेल गवत कमरेला लागत होतं. बी झडून गेलं होतं. उरलीसुरली मेंढरं बांधाशी ओरडत होती आणि सुबाना गाठीपाशी नुसता बसून होता. मोकळ्या कपाळाची सून पोरीला काखेत घेऊन आली.

"मामंजी, सोडा की. भुकेली हायती जनावरं."

सुबानानं हात पुढं केला. वाळून गाठ घट्ट बसली होती. त्यानं हात मागं घेतला.

"माझी न्हाई ती."

ते गवत उभ्याउभ्या वाळून गेलं. बिरू सडकेवर ट्रकखाली सापडून मेला, तो कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी.