अन्सेल्मोकाकांचा खिसा

अन्सेल्मोकाकांचा घसा नेमका आजच बसला. काल गावच्या जत्रेत रस्त्यांवर बैल सोडले होते, तिथं म्हातारा पोरांच्या बरोबरीनं ओरडला आणि सकाळी तोंडातून नुसती हवा.

लिओनिल्दला दिसत नाही. म्हणून घोड्याच्या चालींच्या स्पर्धेत रिंगणाभोवती प्रत्येक अक्षराच्या खुणेपाशी तिच्या गावचं एकेक माणूस उभं राहतं आणि घोडा जवळ आला की आपलं अक्षर पुकारतं. त्या आवाजांवर ती आपल्या घोड्याला, सेरेनोला, फिरवते. काकांचं अक्षर समोरच्या टोकाचं, ‘सी’. मधली रेघ थेट त्यांच्याकडे जाते. आज ती चाल वाकडी झाली, तर पोर्तुगालच्या संघातली जागा गेलीच.

“माझ्या नवऱ्याला उभा करा,” पावाच्या भट्टीवाली अरमिंदा म्हणाली. “घरात तर छप्पर उडेल असा ओरडतो.”

“नको गं, घोडा बुजेल माझा.” लिओनिल्द हसली. “काकाच राहू देत. काका, मी एरवी भांडते ते विसरा. आज तेवढी अंजिरं खिशात असू द्या.”

एरवीचं भांडण ठरलेलं असे. अंजिरं चारून चारून तुम्ही घोडा बिघडवलात, वळण आलं की तुमच्याकडंच ओढतो!

अरमिंदा आपल्या ‘बी’कडे पळाली. काकांनी जोरजोरात मान हलवली, नाही म्हणून. पण ते लिओनिल्दला कसं दिसणार? तेवढ्यात घंटा झाली.

“बी!” “एफ!” “ए!” आवाज येत गेले, वळणं नीट पडली. मग मधली रेघ आली. समोर चिडीचूप. लिओनिल्दनं मनात मारियामातेचं नाव घेतलं आणि लगाम जरा सैल सोडला. सेरेनो दोरी लावावी तसा सरळ चालत गेला.

गुण जाहीर झाले तशी अरमिंदानं किंकाळीच फोडली. जागा मिळाली होती!

लिओनिल्द खाली उतरली. “या काका, त्याचं बक्षीस देऊ दे त्याला.” तिनं चाचपडत त्यांच्या खिशात हात घातला. रुमाल. दुसऱ्या खिशात तर तेवढंही नाही.

“अंजिरं कुठायत?”

काकांनी तिच्या कानाशी तोंड नेलं. “ईस्टरला तू रागावलीस ना, पोरी... तेव्हापासून एकसुद्धा दिलं नाही.”

“मग इतके दिवस हा तुमच्याकडं...”

तिनं काकांचा खरखरीत हात ओठांना लावला. सेरेनो त्यांच्या खांद्यावर मान टाकून केव्हाचा उभा होता.