वाढत्या मापाची सायकल

"लहानच घ्या हो, पाया पडते!" सायकलच्या दुकानात ती नवऱ्यापुढे गयावया करीत होती. "पडली म्हणजे?"

त्यांची आठ वर्षांची मुलगी मोठ्या सायकलीवर बसली होती आणि तिचे पाय जमिनीपासून वीतभर वर लोंबकळत होते.

दुकानदारानेही तिचीच बाजू घेतली. "साहेब, पाय टेकत नसतील तर ब्रेक लावूनही पोर पडणारच. ताईंचं ऐका."

"हिचं ऐकलं असतं तर आजवर भीक मागत फिरलो असतो!" नवरा हसला. "पोरगी काय एवढीच राहणार आहे? मोठीच द्या."

मागे एकदा ती मुलीला घेऊन पायीच माहेरी निघाली होती. परंतु अर्धी वाटही सरली नव्हती, तोच कामावरून परतलेल्या नवऱ्याने दोघींना गाठून घरी आणले होते. त्यानंतर कित्येक दिवस तिने लांब बाह्यांचेच कपडे घातले.

दुसऱ्या दिवशी नवरा कामावर जाताच तिने मुलीला नव्या सायकलीच्या कॅरिअरवर बसवले. "मला घट्ट धर, आणि पाय चाकापासून लांब ठेव हं!" मग ती स्वतः सीटवर बसली. तिचे दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकत होते.



लग्नापासून तिने मागितलेली एकही गोष्ट नवऱ्याने दिली नव्हती. म्हणूनच दुकानात तिने लहान सायकल मागितली होती.