काना-मात्रेचा फरक

"आलो? 'मी आलो'?"

चष्मेवाला असा ओरडला, की समोर बसलेल्या गिऱ्हाइकाने घाबरून तक्त्यावरची शेवटची ओळ सोडूनच दिली.

मोबाइलवर नव्या सिनेमाची झलक नुकतीच संपली होती. त्याच्या लाडक्या कादंबरीवरच्या सिनेमाचा हा दुसरा भाग. त्यात धगधग नावाचा ड्रॅगन डोंगराच्या पोटातून बाहेर येतो आणि घोगऱ्या, चांगल्या मिशाळ आवाजात म्हणतो, "मी आलो."

"धगधग बाई आहे हो!" गिऱ्हाइकाच्या नाकावरच्या फ्रेममध्ये भिंग अडकवत चष्मेवाला म्हणाला. "ती 'आले' म्हणेल. आलो काय आलो! पुस्तकाचं पार वाटोळं केलं."

"मला आता सगळं दोन दोन दिसतंय," गिऱ्हाईक म्हणालं.

आपलं वय, आपलं पोट आणि दुकानाच्या भिंतीवरचं ड्रॅगनचं पोस्टर यांचा एकमेकांशी मेळ बसत नाही, हे चष्मेवाल्याला चांगलं कळत होतं. पण इलाज नव्हता. पहिल्या भागात जादूगाराचा पांढरा घोडा तपकिरी केला म्हणून तो मध्यंतरातच तणतणत उठून आला होता. घोड्याला काहीच फरक पडला नव्हता. दुसऱ्या भागाची घोषणा होताच त्याने सिनेमावाल्यांना खरमरीत पत्र धाडलं, 'काना-मात्रेचाही फरक खपवून घेतला जाणार नाही', आणि खाली सही ठोकली, 'एक जाणकार वाचक'. उत्तर आलं नाही. ते त्याने मूक संमती म्हणून धरलं होतं.

दुपारी लेक दुकानात आली. ती दूरच्या शहरात नोकरीला होती. हा सिनेमा बापाबरोबरच बघायचा म्हणून मुद्दाम रजा काढून, तिकिटं काढून आली होती.

"मी येत नाही," चष्मेवाला म्हणाला. "तू जा."

"बाबा, एका आवाजासाठी?"

"एका आवाजासाठी?" चष्मेवाला उसळला. पोर लहान असताना तिला कुशीत घेऊन त्याने हे पुस्तक कितीदा वाचून दाखवलं होतं. धगधग जागी झाली की पोर अंथरुणात उभी राहून डरकाळी फोडायची. पडद्यावर तो मिशाळ आवाज ऐकला, तर ती डरकाळी आपल्या कानातून कायमची जाईल, अशी त्याला खरीखुरी धास्ती वाटत होती. "अगं, ज्यांनी पुस्तक उघडूनसुद्धा बघितलं नाही, त्यांचा सिनेमा मी का बघू?"

"तू शेवटचं कधी उघडलंस?"

"मला तोंडपाठ आहे!"

लेकीने कपाटातून पुस्तक काढलं, धगधगचं प्रकरण उघडलं आणि त्याच्यासमोर धरलं. चष्मेवाल्याने वाचलं. चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. 'तो जागा झाला. त्याने पंख झटकले.' पान उलटलं. तिथेही तो. पुढेही तोच.

छापखान्याची चूक, असं तो म्हणणार होता. तेवढ्यात त्याला आठवलं. पुस्तक पहिल्यांदा वाचून दाखवताना पोरीने मधेच भोकाड पसरलं होतं. राजा मुलगा, जादूगार मुलगा, घोडासुद्धा मुलगा, मग मी कोण होऊ? गोष्टीत अजून झोपलेलं असं एकटं धगधगच उरलं होतं. त्याने घाईघाईने धगधगलाच मुलगी करून टाकलं आणि पुढची सगळी क्रियापदं वाचता वाचता बदलत नेली. इतकी वर्षं, इतक्या सफाईने, की शेवटी स्वतःच फसला.

जाणकार वाचकाने पुस्तक मिटून परत कपाटात ठेवलं.

"खेळ कितीचा आहे?" त्याने बारीक आवाजात विचारलं.

"सहाचा. चल, आवर."

त्याने दिवे घालवले. मग दारातच थांबला. "तुला कधी कळलं गं हे?"

"वाचता यायला लागलं तेव्हाच," लेक म्हणाली. "पण मी वाचलं की धगधग मुलगा व्हायचा. म्हणून तर तुलाच वाचायला सांगायचे."