मधला माणूस

निर्णा गावच्या जयपॉलनं नशेत बायकोला, मार्थम्माला, इतकं मारलं की ती एका कानानं कायमची बहिरी झाली. पुढं तो चर्चला जाऊ लागला, दारू सुटली. पण ती चार वर्षं त्याच्याशी बोलली नाही. "पाळकसाहेब, मी जगू कामून?" तो चर्चच्या पाळकांना विचारायचा. "येशूलाच विचार, गुडघ्यावर बसून," ते सांगायचे. एका सकाळी तो प्रार्थना करत असताना शेजारून किंकाळी आली. शेजारचा अमृतप्पा पहार उगारून स्वतःच्या बायकोवर धावला होता. जयपॉल मधे शिरला. पहिल्या घावात उजवा हात मोडला, दुसऱ्यात डावा. तरी तो हलला नाही. "मी बी असंच मारलंय, अण्णा. मला मार, तिला सोड." अमृतप्पाच्या हातून पहार पडली. दवाखान्यात जयपॉल पाळकांना म्हणाला, "येशूनं सांगितलं, कामून जगायचं." मार्थम्मानं भाकरीचा घास त्याच्या तोंडापुढं धरला. "माफ केलं न्हाई अजून," ती म्हणाली. "आ कर."