नियमाबाहेरची शिट्टी

"आजही वाजवणार?" एमेटने विचारलं.

हॉबर्ट बेल्चर बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचेवरची काजळी पुसत राहिला. एमेट त्याचा फायरमन, इंजिनाची भट्टी सांभाळणारा. उत्तर मिळेपर्यंत गप्प बसणाऱ्यातला तो नव्हता.

"आज शेवटचंच. उद्यापासून डिझेल इंजिन. त्याला भोंगा असतो, गाढवासारखा. एकच सूर. त्यातून कसली आळवणी करणार तू?"

कोळशाच्या वाघिणी दरीच्या तळाशी उभ्या होत्या. पुढून ओढायला एक इंजिन, मागून रेटायला हॉबर्टचं. दोन्ही एकाच घडणीची. एका लांबलचक बॉयलरखाली चाकांचे दोन संच, मध्ये बिजागरी, म्हणून एवढं धूड डोंगरातल्या वळणांवर वाकत जाई.

पुढच्या इंजिनावर हॉबर्टचा थोरला भाऊ होता, डेन्झिल. दोघांमध्ये मैलभर वाघिणी होत्या आणि नऊ वर्षांचा अबोला.

त्यांची आई गेली तेव्हा हॉबर्ट एका आजारी ड्रायव्हरची पाळी करायला गेला होता. परतला तोवर माती टाकून झाली होती. "शेवटपर्यंत तुझंच नाव घेत होती," डेन्झिल थडग्यापाशी म्हणाला. "आता माझ्याशी बोलू नकोस."

पुढच्या वसंतात चर्चमधून बाहेर पडताना हॉबर्टने त्याला मागून गाठलं. सगळ्यांदेखत म्हणाला, "डेन्झिल, चुकलं माझं." डेन्झिलने टोपी घातली आणि वळूनही न बघता निघून गेला. गावाने ते पाहिलं. हॉबर्टने पुन्हा तोंडाने प्रयत्न केला नाही.

शिट्टीने मात्र केला. चढावर आईच्या जुन्या घरावरून गाडी जाई. तिथे तो शिट्टीची दोरी हळूहळू सोडत एक लांब, उतरता सूर काढी आणि शेवटी वर उडवी. आई दोघांना जेवायला अशीच हाक मारायची. लहानपणी तिला तशीच हाक देऊन उत्तर द्यायचं, ते डेन्झिलचं काम.

नऊ वर्षांत पुढून उत्तर आलं नव्हतं.

"बहुतेक विसरला असेल ती हाक," एमेट एकदा म्हणाला होता.

"डेन्झिल? तो काही विसरत नाही."

हॉबर्टने ब्रेक सोडले आणि दोन लांब शिट्ट्या दिल्या. मागचं इंजिन तयार. लगेच पुढून तशाच दोन आल्या. कामाच्या शिट्टीला डेन्झिल कधी चुकत नसे. नियमातल्या प्रत्येक शिट्टीला उत्तर, नियमाबाहेरच्या एकीलाही नाही.

गाडी चढाला लागली. एमेटने कानांत कापूस कोंबला. कोळसा यंत्राने भट्टीत जात होता, त्यामुळे त्याला बोलायला सवड होती. ओरडून का होईना.

"काल भेटला मला तुझा भाऊ. तोंडाकडे असा टक लावून बघतो, जणू दात मोजतोय!"

"लहानपणी नव्हता असा."

"आणि त्याचा तो रुफस! फायरमनने आपल्या बाजूला बसावं की नाही? हा कायम ड्रायव्हरच्या पाठीशी उभा. वळणावरून दिसतो बघ. मधूनच खांद्यावर दोन थापा मारतो, घोड्याला चुचकारावं तशा. दोघं लग्नच का नाही करत?"

हॉबर्टला हसू आलं नाही. "उद्या चाललाय डेन्झिल. पश्चिम व्हर्जिनिया सोडून ओहायोला, लेकीकडे. पेन्शन घेऊन."

"कोण म्हणालं?"

"सगळेच म्हणतायत. मला सोडून सगळ्यांना माहीत होतं."

आईचं घर आलं. हॉबर्टने दोरी धरली. सूर दरीत उतरला, समोरच्या डोंगराला लागला, परत आला. तो ऐकत राहिला. पुढच्या इंजिनाचे धापा टाकणारे ठोके तेवढे येत होते.

एमेटने कापूस काढून खिडकीबाहेर कान दिला. मग परत कोंबला.

माथ्यावर गाडी थांबली. इथे मागचं इंजिन सुटायचं, दोन लांब शिट्ट्या द्यायचं, आणि पुढच्याने उत्तर देऊन पलीकडे उतरायचं. एमेटने जोड सोडला. हॉबर्टने जेवणाच्या डब्यातून मक्याच्या पावाचा तुकडा काढून फडक्यात बांधला आणि खाली उतरला.

"मी परत येईस्तोवर शिट्टी द्यायची नाही," तो म्हणाला.

"चालत जाणार? आणि त्याने हाकलून दिलं तर?"

"तर तोंडावर हाकलू दे. नऊ वर्षं पाठच बघतोय."

तो वाघिणींच्या कडेने चालत राहिला. कोळशावरून पाणी ठिबकत होतं. पुढच्या इंजिनाशी पोचला तेव्हा रुफस खाली उभा राहून सांध्यात तेल घालत होता. हॉबर्टला पाहून त्याचा चेहरा उतरला.

"वर जाऊ नकोस," तो घाईने म्हणाला. "थांब, मीच जातो आधी. मी सांगतो त्याला."

"माझ्या भावाशी बोलायला मला मध्यस्थ नको, रुफस."

"तसं नाही रे. ऐक तरी माझं..."

हॉबर्ट त्याला बाजूला सारून पायऱ्या चढला.

डेन्झिल खिडकीतून पुढच्या रुळांकडे बघत बसला होता. मान पांढरी झाली होती. बसण्याची ढब अगदी आईची.

"डेन्झिल," हॉबर्ट म्हणाला.

पाठ हलली नाही.

"डेन्झिल, मी आलोय. आईच्या हातासारखा नाही जमलेला, पण पाव आणलाय." त्याचा आवाज चढला. "अरे, एकदा बघ तरी माझ्याकडे!"

पाठ तशीच. खालून रुफस काहीतरी ओरडत होता. हॉबर्टने पाव बाकावर ठेवला, हात पुढे केला आणि निरोप घ्यावा तसं भावाच्या खांद्यावर दोनदा थोपटलं.

मागचं इंजिन गप्प होतं. डेन्झिलने न वळता हात वर नेला, दोरी धरली आणि दोन लांब शिट्ट्यांनी त्या न वाजलेल्या शिट्टीला उत्तर दिलं.